हार कोणाच्या गळ्यात

ऑगस्टची वीस तारीख उजाडली की आमच्या जुन्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ठरलेला सामना सुरू होतो. सकाळी कोणीतरी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे छायाचित्र टाकतो. 2013 साली याच दिवशी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. छायाचित्रावर पाच मिनिटांच्या आत उत्तर येते, "आणि केरळात संघाचे स्वयंसेवक मारले जातात, त्याचे काय?" मग पहिला पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांची नावे पुढे करतो, दुसरा गडचिरोलीत भूसुरुंगात उडवलेले जवान मोजतो. दुपारपर्यंत दोन्हीकडून दहा-वीस मृतदेहांची फेकाफेक होते आणि संध्याकाळी त्याच गटावर कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येतो.

मागच्या वर्षी मी मध्येच विचारले की केरळातले हे खून ज्या जिल्ह्यात होतात, ते कन्नूर नेमके आहे कुठे. केरळचा हवाला रोज देणाऱ्याला सांगता आले नाही आणि त्याला रोज खोडून काढणाऱ्यालाही सांगता आले नाही. मुंबईहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरी, मडगाव करत त्याच कन्नूरला थांबते, आमच्यातले दोघेतिघे त्या गाडीने केरळ फिरूनही आलेले आहेत. कन्नूर कुठे आहे याची गरज कोणालाच पडली नव्हती, कारण तिथले मृत कधी रडण्यासाठी आठवलेच जात नाहीत. समोरच्याचे तोंड बंद करण्यापुरते ते बाहेर काढले जातात. डाव्या आणि उजव्या राजकारणात हिंसेचे आरोप एकमेकांवर कसे केले जातात, हे पाहायचे असेल तर मात्र कन्नूरइतकी उघडी जागा देशात दुसरी नाही.

उत्तर केरळातल्या मलबारच्या या पट्ट्यात विडी वळणे हा हजारो घरांचा धंदा होता. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने कामगारांना काही हक्क दिले, ते द्यायला नको म्हणून मंगळुरूच्या गणेश विडीच्या मालकांनी 1968 साली इथले काम बंद केले आणि बेकार झालेल्या कामगारांना घेऊन 1969 मध्ये सहकारी तत्त्वावर दिनेश विडी उभी राहिली. गणेश आणि दिनेश! नावांत जेमतेम दोन अक्षरांचा फरक, पण त्या फरकावर गावे विभागली गेली. डाव्यांचे म्हणणे असे, की कामगारांची संघटना मोडायला मालकांनी संघाला इथे पाय रोवू दिले. संघाचे म्हणणे असे, की आम्ही आधीपासून होतो आणि आमच्या शाखेत आपली मुले जातात हे कम्युनिस्टांना सहन झाले नाही. दोन्ही बाजूंना बहुतेक करून त्याच तिय्या जातीची, त्याच वाडीतली, कित्येकदा त्याच घरातली माणसे होती, आजही आहेत. जातीची किंवा धर्माची भिंत नसतानाही शेजारी शेजाऱ्याला ठरवून मारू शकतो, ही कन्नूरची खरी भीती आहे.

28 एप्रिल 1969 रोजी कन्नूर जिल्ह्यातल्या तलश्शेरीत संघाच्या शाखेचे मुख्य शिक्षक वाडिक्कल रामकृष्णन यांचा खून झाला. संघाच्या हिशेबात खुनांची वंशावळ इथून सुरू होते. या खटल्यात आरोपी असलेले आणि पुढे निर्दोष सुटलेले एक तरुण कार्यकर्ते म्हणजे पिनराई विजयन, जे 2016 साली केरळचे मुख्यमंत्री झाले. मार्क्सवाद्यांना, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांना, विचारले तर ते त्याच्या आधीचे विडी कामगारांवरचे हल्ले सांगतात. "सुरुवात कोणी केली" या प्रश्नाला प्रत्येकाकडे आपापली तारीख आहे, आणि दुसऱ्याच्या तारखेच्या एक दिवस आधीची तारीख शोधून काढणे हाही तिथे एक उद्योगच आहे.

या तारखांमधली एक जोडी मला विसरता येत नाही. 25 जानेवारी 1994 रोजी संघाचे कार्यकर्ते आणि शाळामास्तर सी. सदानंदन यांना मट्टन्नूरजवळ रस्त्यात गाठून त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखालून तोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी, प्रजासत्ताक दिनी, एस.एफ.आय. या डाव्या विद्यार्थी संघटनेचे नेते के. व्ही. सुधीश यांना कूत्तुपरंब्याजवळच्या त्यांच्या घरात घुसून, आईवडिलांच्या डोळ्यांदेखत मारण्यात आले. या दोन घटनांमध्ये एक दिवसही धड गेला नाही. सुधीशने सदानंदन मास्तरांचे पाय तोडले होते का, हे विचारण्याचीही तिथे पद्धत नाही, कारण हिशेब माणसांचा नसून बाजूंचा असतो.

पाच वर्षांनी, 1999 मध्ये, ओणमच्या दिवशी मार्क्सवादी नेते पी. जयराजन यांच्या घरात शिरून त्यांच्यावर वार करण्यात आले. ते वाचले, पण त्यांचा एक हात कायमचा अधू झाला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला भारतीय जनता युवा मोर्चाचे प्रदेश उपाध्यक्ष के. टी. जयकृष्णन मास्तर वर्गात शिकवत असताना कोयते घेतलेले लोक आत शिरले आणि सहावीच्या मुलांसमोर त्यांना तोडण्यात आले. 2014 मध्ये जयराजन यांच्यावरील हल्ल्यातले एक आरोपी, संघाचे कदिरूर मनोज, मारले गेले आणि त्या खुनाच्या कटात सी.बी.आय.ने जयराजन यांनाच आरोपी केले. एकाच माणसाला एका खटल्यात जखमी साक्षीदार आणि दुसऱ्या खटल्यात आरोपी म्हणून उभे राहावे लागते, तेव्हा "हिंसक कोण" हा प्रश्न विचारणाऱ्याने निदान कोणत्या वर्षाबद्दल विचारतो आहे ते सांगावे.

आकड्यांचेही तसेच. 2000 ते 2016 या काळात कन्नूर जिल्ह्यात 69 राजकीय खून झाल्याचे पोलिसांच्या नोंदी सांगतात. त्यांतले 31 संघ-भाजपचे आणि 30 मार्क्सवादी पक्षाचे. एकाचा फरक. ऑक्टोबर 2017 मध्ये अमित शहा यांनी पय्यन्नूरहून जनरक्षा यात्रा काढली ती 31 च्या बाजूने, आणि त्याच दिवसांत मार्क्सवादी पक्षाने दिल्लीत भाजपच्या मुख्यालयावर मोर्चा नेला तो 30 च्या बाजूने. दोन्हीकडची भाषणे खरी होती, त्यांतले मृत खरे होते. फक्त प्रत्येक भाषणात अर्धेच कन्नूर होते. आपल्याकडे पक्षपाताला डावे-उजवे करणे म्हणतात. मराठीने हा शब्दप्रयोग घडवला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पंक्तीत वाढणारा हात असेल, पण इथे तो शब्दशः लागू पडतो.

कोणाचे मृत जास्त, या मोजणीतून कोणत्याही पक्षाची परीक्षा होत नाही, असे माझे मत आहे. परीक्षा होते ती आपल्या बाजूचा माणूस दोषी ठरल्यावर पक्ष त्याचे काय करतो यावरून. त्याच्या गळ्यात हार पडतो की नाही, एवढेच पाहावे.

ऑगस्ट 2025 मध्ये सदानंदन मास्तरांचे पाय तोडल्याच्या गुन्ह्यातले आठ दोषी, सर्व अपिले संपल्यावर, घटनेनंतर तब्बल 31 वर्षांनी, सात वर्षांची शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. त्यांना मार्क्सवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हार घालून, घोषणा देत निरोप दिला. त्या निरोपाला के. के. शैलजा हजर होत्या. निपाह आणि करोनाच्या साथींत आरोग्यमंत्री म्हणून ज्यांचे नाव केरळबाहेरही आदराने घेतले गेले, त्या शैलजा टीचर. त्याच्या काही दिवस आधी राष्ट्रपतींनी सदानंदन यांची राज्यसभेवर नियुक्ती केली होती. कृत्रिम पायांवर चालणारा माणूस संसदेत जात होता आणि त्याचे पाय तोडणारे हार घालून तुरुंगात जात होते.

याच्या दहा महिने आधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, गौरी लंकेश खून खटल्यातले दोन आरोपी जामिनावर सुटून कर्नाटकातल्या विजयपुऱ्यात परतले, तेव्हा हिंदुत्ववादी संघटनांच्या कार्यकर्त्यांनी त्यांना भगव्या शाली आणि हार घातले. त्याच महिन्यात आपल्या जालन्यात त्याच खटल्यातले आणखी एक आरोपी, माजी नगरसेवक श्रीकांत पांगारकर, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत दाखल झाले आणि त्यांच्याकडे निवडणूक प्रचाराची जबाबदारीही देण्यात आली. आरडाओरडा झाल्यावर दोन दिवसांत ती नेमणूक स्थगित करण्यात आली. या तिघांवरचे आरोप तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. केरळातले आठ जण मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोषी ठरलेले होते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. हार घालणाऱ्यांच्या दृष्टीने तो कितपत होता, याविषयी मला शंका आहे.

कारण हार हा फार प्रामाणिक पदार्थ आहे. पक्षाचा प्रवक्ता दूरचित्रवाणीवर म्हणतो, "आमच्या कार्यकर्त्याला खोट्या गुन्ह्यात गोवले आहे." असे गोवले जाते, यात वादच नाही. कन्नूरमध्ये तर पक्षच आरोपींची यादी पोलिसांच्या हाती देतात आणि खरे मारेकरी बाहेर राहतात, असा आरोप वर्षानुवर्षे दोन्हीकडून होत आला आहे. जयकृष्णन मास्तरांच्या खटल्यात सत्र न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्यांतल्या चौघांना सोडले आणि एकाची फाशी जन्मठेपेवर आणली. पण कार्यकर्ता निर्दोष असेल तर पक्षाने ओरडून विचारायला हवे की मग खरा गुन्हेगार कोण, आणि तो अजून मोकळा का. हे कोणी विचारत नाही. निर्दोष माणसाला सहानुभूती मिळते, वकील मिळतो, फार तर त्याच्या घरी किराणा पोचतो. घोषणा आणि हार मिळतात ते काहीतरी करून दाखवणाऱ्याला. न्यायालयात "त्याने केले नाही" आणि चौकात "त्याने आपल्यासाठी केले" ही दोन वाक्ये एकाच तोंडातून निघतात, आणि त्यांतले कोणते खरे मानायचे ते हार सांगून जातो.

डाव्यांच्या या सवयीची सर्वांत क्रूर परीक्षा उजव्यांनी घेतलेली नाही, ती एका डाव्याच्याच मृत्यूने घेतली. टी. पी. चंद्रशेखरन हे केरळातल्या ओंचियम गावचे मार्क्सवादी कार्यकर्ते. पक्षाशी मतभेद झाल्यावर त्यांनी वेगळा डावा पक्ष काढला. 4 मे 2012 च्या रात्री मोटारसायकलवरून जाताना त्यांना एका इनोव्हा गाडीने पाडले आणि त्यांच्यावर इतके वार झाले की अंगावर 51 जखमा मोजल्या गेल्या. त्या गाडीवर "माशाल्लाह" असे अरबी लिपीतले स्टिकर चिकटवलेले सापडले. मला या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावते ते हे स्टिकर. कोयत्याइतकीच त्याचीही तयारी आधी केलेली होती. म्हणजे खून करणाऱ्यांनी खुनाबरोबर आरोपही बरोबर आणला होता, तोही तिसऱ्याच्याच नावावर. पुढे विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी धरले, त्यांत मार्क्सवादी पक्षाचे स्थानिक नेते होते. त्यांतला एक, कुंजनंदन, 2020 मध्ये शिक्षा भोगत असताना वारला, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी शोकसंदेश दिला. हारच तो, फक्त शब्दांचा.

आता या तुलनेवर आक्षेप येणार, आणि त्यातला एक मला मान्यही आहे. दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणून हात झटकणे ही पांढरपेशांची आवडती सोय आहे. ज्याच्या हातात पोलीस आणि तपास यंत्रणा आहे त्याची हिंसा आणि ज्याच्या हातात त्या नाहीत त्याची हिंसा यांची किंमत वेगळी असते. दाभोलकर खटल्यात 10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले, आणि खरे सूत्रधार उघडे पाडण्यात तपास यंत्रणा कमी पडल्याचेही नोंदवले. एका खुनाला अकरा वर्षांनी एवढेच उत्तर मिळते, तेव्हा सत्तेत कोण होते आणि कोणाला काय शोधायचे नव्हते, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारायलाच हवा. पण मग केरळात तोच प्रश्न तिथल्या सत्तेला विचारताना आवाज बसता कामा नये.

महाराष्ट्राने तर आता मोजणीच कायद्यात घातली आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने जे विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्याच्या शीर्षकातच कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आहे, "किंवा तत्सम" हे शेपूट जोडून. विधानसभेत त्याला विरोध नोंदवणारे एकटे डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले होते. सरकार म्हणते की हे माओवाद्यांसाठी आहे. माओवाद्यांनी काय केले ते विदर्भाला सांगायला नको. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक मारला गेला. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात "पोलिसांचा खबऱ्या" अशी चिठ्ठी शेजारी टाकून मारलेल्या आदिवासींची नावे पुण्या-मुंबईच्या डाव्या सभांत वाचली जात नाहीत. मी अशा सभांना गेलो आहे, म्हणून सांगतो. तरीही कायद्याने कृत्याचे वर्णन करावे, दिशेचे नव्हे. भूसुरुंग पेरणे, माणूस मारणे, मारायला पैसे आणि शस्त्रे पुरवणे यांना कोणत्याही बाजूचा रंग लावण्याची गरज नाही. भारतीय दंडविधानात तो कधी नव्हता. विचारसरणीचे नाव कायद्यात एकदा शिरले की उद्या बदललेले सरकार फक्त विशेषण बदलेल.

आमच्या घरातही ही मोजणी होती. वडील गिरणीत होते आणि डाव्या युनियनचे सभासद होते. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला ती हकिगत ते दरवर्षी त्याच शब्दांत सांगत: पाऊस, अंधार, कोणीतरी हाक मारून त्यांना बाहेर बोलावले, आणि मग सुरे. खुनासाठी शिवसेनेशी संबंधित तरुणांना पुढे शिक्षा झाल्या, हे सांगताना वडिलांचा आवाज चढायचा. पण संप मोडून कामावर जाणाऱ्या मजुरांना गेटाबाहेर गाठून मारहाण व्हायची, त्याबद्दल मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी आईला चहा टाकायला सांगितले. त्या चहाला मी अजून माफ केलेले नाही, आणि त्यांच्यावरचे माझे प्रेमही कमी झालेले नाही. आपला तो बाब्या, ही म्हण कुटुंबातूनच राजकारणात जाते.

देसाईंच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ऑक्टोबर 1970 मध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि पडल्या. निवडून आले वामनराव महाडिक, शिवसेनेचे पहिले आमदार. परळच्या मतदाराने खुनाला मत दिले, असे मी म्हणणार नाही. मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, कम्युनिस्टांवरचा राग होता, बरेच काही होते. पण खून आडवा आला नाही, एवढे नक्की. केरळात मार्क्सवादी नेते एम. एम. मणी यांनी मे 2012 मध्ये जाहीर सभेत, विरोधकांची यादी करून एक, दोन, तीन असे माणसे संपवली, असे सांगितले. त्यावरून त्यांना अटक झाली, पुढे त्या खटल्यातून न्यायालयाने त्यांना मुक्तही केले. दरम्यान 2016 साली ते राज्याचे वीजमंत्री झाले होते. भाषणही आडवे आले नाही.

उजवीकडे कोणी कधी हार काढून घेतलाच नाही, असेही नाही. मार्च 2017 मध्ये उज्जैनच्या एका संघ पदाधिकाऱ्याने पिनराई विजयन यांचे शिर आणणाऱ्याला एक कोटी रुपये देण्याची घोषणा केली, तेव्हा संघाने त्याला जबाबदारीतून मुक्त केले. ते योग्यच झाले. पण त्याची किंमत संघाला काही द्यावी लागली नाही. आपल्या माणसांच्या विरोधात, आपले नुकसान होणार हे ठाऊक असताना उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचे एकच उदाहरण मला पुरते आठवते.

2 जून 2012. चंद्रशेखरन यांच्या खुनाला महिनाही झालेला नव्हता. मार्क्सवादी पक्षाचे सर्वांत ज्येष्ठ नेते, विधानसभेतले विरोधी पक्षनेते व्ही. एस. अच्युतानंदन, वय 88, ओंचियमला चंद्रशेखरन यांच्या घरी गेले. पक्ष म्हणत होता की या खुनाशी आमचा संबंध नाही. अच्युतानंदन काही बोलले नाहीत. चंद्रशेखरन यांच्या पत्नी के. के. रमा रडत पुढे आल्या, त्यांनी हात जोडले, आणि त्या म्हाताऱ्याने ते हात आपल्या हातांत धरले. तो क्षण टिपलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी केरळभर पोचले होते. ज्या दिवशी अच्युतानंदन ओंचियमला गेले, त्याच दिवशी नेय्याट्टिनकरा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान सुरू होते. पक्षाचा उमेदवार हरला, आणि पुढच्याच महिन्यात पक्षाने अच्युतानंदन यांच्यावर जाहीर ठपका ठेवला.